गणपतीत वसतिगृहाला कुलूप, मग आम्ही जायचं कुठं?

प्रति,
माननीय प्राचार्य, माननीय वसतिगृह अधीक्षक आणि संस्थेच्या संचालक मंडळाचे सर्व सदस्य,

सादर नमस्कार.

सोमवारी संध्याकाळी मेसच्या दारावर नोटीस लागली. गणेशोत्सवानिमित्त चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून नऊ दिवस वसतिगृह आणि मेस पूर्ण बंद राहील, सर्वांनी खोल्या रिकाम्या करून किल्ल्या कार्यालयात जमा कराव्यात, कोणासही थांबता येणार नाही. खाली सही आणि गोल शिक्का. दारातून पावसाची झड आत येत होती, त्यामुळे कागदाचा खालचा कोपरा भिजून शिक्क्याची जांभळी शाई पसरली होती. बाकी सगळं स्वच्छ वाचता येत होतं.

रात्री साडेनऊला प्रथम वर्षाची एक मुलगी माझ्या खोलीवर आली. हिंगोली जिल्ह्यातली. इथं येऊन तिला अकरा दिवस झालेत. म्हणाली, "ताई, गादीपण न्यायची का? आन् परत आल्यावर हीच खोली देतेत का दुसरी?" मला उत्तर देता आलं नाही. दोन वर्षांपूर्वी मी हेच विचारत फिरले होते आणि मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं तुम्हाला खासगीत कळवता आलं असतं. गेल्या वर्षी कळवलं होतं, बारा जणांच्या सह्यांचा अर्ज करून. आवक क्रमांक मिळाला, उत्तर मिळालं नाही. म्हणून यंदा सगळ्यांसमोर लिहिते आहे. राग आलेला नाही असं म्हटलं तर खोटं होईल, पण कोणाचा अपमान करायचा नाहीये हेही खरं.

मी तृतीय वर्ष बी.एस्सी. कृषीची विद्यार्थिनी. गाव गेवराई तालुक्यात, जिल्हा बीड. अप्पांची तीन एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. राज्यात कृषी विद्यापीठं चार: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. आम्ही परभणीकडचं कॉलेज धरून चाललो होतो. २०२३ साली शेवटच्या फेरीत लागलं ते सर्वांत लांबच्या दापोली विद्यापीठाशी जोडलेलं हे महाविद्यालय. आजीनं विचारलं, "कोकणात शेती असती व्हय?" खरं सांगायचं तर आंबा सोडून मलाही काही सांगता आलं नव्हतं.

आमच्या तालुक्यात वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर ते साल बरं म्हणतात. इथं साडेतीन हजारांच्या आसपास पडतो, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हे आकडे आधी पाठ केले होते. इथं आल्यावर कळलं की धुतलेली ओढणी पाचव्या दिवशीही दमट असते, गादीला कुबट वास येतो आणि कॉटखाली ठेवलेल्या कोऱ्या चपलेवर आठवड्यात हिरवट साय धरते. माझ्या जातीच्या दाखल्यावर बुरशीचे ठिपके दिसले तेव्हा मी रडले होते. शेजारच्या खोलीतल्या देवरुखच्या मुलीनं सांगितलं, कागद पत्र्याच्या डब्यात तांदळात पुरून ठेवायचे. तिला ते तिच्या आईनं शिकवलं होतं. माझ्या आईनं जन्मात बुरशी धरलेला कागद पाहिलेला नाही.

तर अशी मी आले, आणि बाराव्या दिवशी नोटीस लागली. २०२३ चीच. शब्द जवळजवळ तेच होते, तारीख तेवढी वेगळी.

घरी जायचं म्हणजे चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराड, तिथून पुणे, पुण्यात स्टँड बदलायचा, मग बीडकडची गाडी, पुढं गेवराई आणि तिथून वडाप. सगळं जुळलं तर सोळा तास, नाही तर वीस. त्या वर्षीच्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, म्हणून मला निम्म्यात जाता आलं असतं. माझ्या वर्गातल्या मुलांना ती सोय नाही. पण प्रवेशाची फी भरून, गादी-बादली घेऊन अप्पा परत गेले त्याला अजून दोन आठवडेही झाले नव्हते. फोनवर ते म्हणाले, "यिऊन जा की." त्या "की"च्या आधी ते क्षणभर थांबले ते मला ऐकू आलं. मी सांगितलं, हॉस्टेल चालू आहे, काळजी करू नका.

आदल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मी मेसच्या कट्ट्यावर बॅग घेऊन बसले होते. मेसमधल्या एक मावशी भांडी पालथी घालून निघाल्या होत्या. थांबल्या. "काय गो, तू नाय गेलीस?" मी काहीतरी पुटपुटले. "चल माज्याबरोबर. गणपतीत कोण एकटं ऱ्हातं काय?" त्यांनी माझी बॅग उचलली सुद्धा.

त्यांचं घर गुहागरच्या बाजूला, जांभ्या दगडाचं, पुढं पडवी. पोचलो तेव्हा घरातले पुरुष माटवी सजवत होते. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं-फुलं बांधतात, ती माटवी. मला कोणी "बस, पाहुणी आहेस" म्हटलं नाही. सुंभ दिला आणि कवंडळं बांधायला लावली. कवंडळ म्हणजे मुठीएवढं लालभडक रानफळ, दिसायला देखणं, चवीला विषारी कडू. बारकी पोरं मला ते खायला लावायच्या बेतात होती, मावशींनी ओरडून थांबवलं. माझी गाठ सुटत होती. त्यांच्या सासऱ्यांनी गाठ मारून दाखवली आणि म्हणाले, कापसाच्या गाठी बांधणाऱ्याला येवढं येत नाय? म्हणजे मी कुठली, आमच्याकडे काय पिकतं, हे त्यांनी तेवढ्या वेळात विचारून घेतलं होतं. कॉलेजमध्ये तोवर मला फक्त रोल नंबर विचारला गेला होता.

दुसऱ्या दिवशी उकडीचे मोदक. माझ्या एकाही मोदकाला कळी नीट पडली नाही. ते वेगळ्या ताटात ठेवले आणि आधी तेच संपवले. पंचमीला ऋषीची भाजी. रात्री अंगणात बाल्या नाच, पायात घुंगरू बांधलेली पोरं आणि मधोमध ढोलकीवाला. पाचव्या दिवशी गौरी-गणपती एकदम निघाले तेव्हा मावशींच्या सूनबाई रडत होत्या आणि मीही, कशासाठी ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, पुरणपोळी आणि सोळा भाज्या असतात. आईनं त्या वर्षी एकटीनं केलं.

हे लांबण लावून सांगितलं, कारण गेल्या वर्षी अर्ज घेऊन गेल्यावर कार्यालयात मला ऐकवलं गेलं, "काय अडलं का तुमचं? झाली ना सोय?" झाली. पण ती मावशींनी केली. त्यांचा पगार तुम्हाला ठाऊक आहे, त्यांच्या घरात त्या पाच दिवसांत मुंबईहून आलेली किती माणसं होती ते मला ठाऊक आहे. मुलांकडच्या मजल्यावर असा कोणी नव्हता. माझ्याच वर्गातल्या वाशिमच्या एका मुलानं गेल्या वर्षी परतीच्या गाडीचा मेळ न बसल्यामुळे दोन रात्री चिपळूण स्टेशनच्या फलाटावर काढल्या, कारण वसतिगृह उघडायला दोन दिवस बाकी होते आणि वॉचमनला "कोणासही नाही" असं सांगितलेलं होतं. वॉचमननं त्याला गेटच्या बाहेर चहा आणून दिला. आत घेतलं नाही. त्याची चूक मी मानत नाही.

परतीच्या गाडीचा मेळ का बसत नाही, हेही तुम्ही जाणता. गणपतीत मुंबईहून कोकणात येणाऱ्या चाकरमान्यांसाठी एसटी पाच हजारांच्या घरात जादा गाड्या सोडते. त्या कुठून तरी काढाव्याच लागतात. मग नेहमीच्या फेऱ्या रद्द होतात, घाटात दरड येते, कराडला बसलेला माणूस तिथंच बसतो. चाकरमान्यांनी यावंच, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त अख्खं कोकण घरी येत असतं त्याच आठवड्यात आम्हाला उलट दिशेनं बाहेर काढलं जातं, हे एकदा नकाशावर बोट ठेवून बघा.

संचालक मंडळातल्या ज्येष्ठांना एक विचारते. आपल्यापैकी अनेकांचे वडील, आजोबा मुंबईला गिरणीत होते असं स्नेहसंमेलनाच्या भाषणांत ऐकलंय. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या गावागावांच्या खोल्या असत. गावकीनं मिळून घेतलेली एक खोली, तीत वीस-वीस, तीस-तीस माणसं, पाळ्यांमध्ये झोपणारी, आणि जेवायला खानावळवाल्या बाईकडे. गावाहून नवा पोरगा आला की त्याची ट्रंक आणि वळकटी आधी तिथं टेकायची, काम नंतर मिळायचं. त्याला कोणी अकरा दिवसांनी विचारलं नसेल की सणाला तू कुठं जाणार. या किनाऱ्यानं परगावी गेलेल्या पोराला आसरा कसा द्यायचा ते पन्नास-साठ वर्षं करून दाखवलंय. ते याच भागातल्या संस्थेला जमत नाही, हे माझ्या गळी उतरत नाही.

आता बाकीच्या गोष्टी. काही मोठ्या आहेत, काही बारीक.

दिवाळीचंही हेच आहे, आणि ते जास्त वाईट आहे. गणपतीत निदान घरी कोणीतरी असतं. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला माणसं निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत परत यायचं नाही. आपल्या वसतिगृहात अशा घरची मुलं आहेत. नावं सांगणार नाही, त्यांनी मला तसं बजावलंय. "दिवाळीला घरी जा" म्हटल्यावर ती गावाकडे जातात तेव्हा घराला कुलूप असतं, किंवा आत एकटी आजी. मागच्या दिवाळीत एक मुलगा गावी न जाता थेट आई-बापाच्या खोपीवर गेला, दहा दिवस ऊस तोडला आणि हाताला फोड घेऊन परत आला. प्रॅक्टिकलला त्याला पेन धरता येत नव्हता. मॅडमनी विचारलं, सुट्टीत काय केलं? तो म्हणाला, शेतात काम. मॅडम खूश झाल्या, शेतकऱ्याचा मुलगा शोभतोस म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांना माहीत नव्हतं. पण माहीत करून घेण्याची जागाच आपल्याकडे नाही.

मेसचा खाडा. आधी कळवून सलग चार दिवस बाहेर गेलं तर खाडा धरतात, म्हणजे तेवढ्या जेवणाचे पैसे घेत नाहीत. मग मेसच नऊ दिवस बंद असते तेव्हा का धरत नाहीत? मला उत्तर मिळालं, "ती सुट्टी आहे, खाडा नाही." शब्द बदलला म्हणून जेवण मिळालं नाही ते बदलत नाही. त्या नऊ दिवसांच्या पैशांत मुलांचं एका बाजूचं एसटीभाडं बरंचसं निघतं.

दीक्षारंभ, म्हणजे नव्या मुलांना कॉलेजची ओळख करून देणारा वर्ग. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीनं नव्या अभ्यासक्रमात तो घातलाय, दोन आठवड्यांचा, दोन क्रेडिटचा. मला ही कल्पना मनापासून आवडते; आमच्या वेळी ती असती तर, असं वाटतं. पण प्रवेशाच्या फेऱ्या लांबत जातात आणि दीक्षारंभ पहिल्या फेरीच्या मुलांबरोबर उरकतो. शेवटच्या फेरीत येणारी मुलं बहुधा लांबची असतात, कारण जवळच्या मुलांनी हे कॉलेज आधीच वरच्या पसंतीला टाकलेलं असतं. म्हणजे ज्यांना ओळख करून देण्याची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच ती मिळत नाही. त्यांना ग्रुपवर एक पीडीएफ येते. त्यात संस्थेचा इतिहास आहे, मान्यवरांचे फोटो आहेत आणि गणवेशाचा रंग आहे. चिपळूणहून शेवटची एसटी किती वाजता सुटते ते नाही. रात्री ताप आला तर कोणाला उठवायचं तेही नाही.

तापावरून. भातलावणीच्या प्रॅक्टिकलला आम्हाला अनवाणी चिखलात उतरवतात. उतरायलाच हवं, नाही तर तरवा (भाताची रोपं) काढणं आणि त्याची मूठ बांधणं येणार कसं? पण आमच्याकडची मुलं जन्मात कधी साचलेल्या पाण्यात उभी राहिलेली नसतात. नव्या सँडलनं टाच सोललेली असते, तशीच उतरतात. कोकणात पावसाळ्यात लेप्टो हा ताप येतो, तो उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, जखमेवाटे अंगात शिरतो, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आरोग्य केंद्रात गोळ्या मिळतात हेही. आम्हाला ते तिसऱ्या सत्रात कळलं, तेही सिनियरकडून. तीच गत फुरशांची, म्हणजे विषारी सापांची, आणि विंचवांची. बूट झटकून घालावा, रात्री बाथरूमला जाताना बॅटरी मारावी, एवढं एका वाक्यात सांगता येतं.

(विंचवावरून आठवलं. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार ज्यांनी महाडला बसून जगापुढं मांडला ते डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले, म्हणजे आमच्या शेजारचे. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि कोकणाचे होऊन राहिले. घाटावरून आलेला माणूस इथं रुजला तर इथल्याच माणसांचे जीव वाचतात, हे एक उदाहरण म्हणून ठेवा.)

"घाटावरून" म्हटलं म्हणून. आम्हाला वर्गात "घाटी" म्हणतात. मुलं म्हणतात ते मी मनावर घेत नाही, आम्हीही त्यांना "मासेखाऊ" म्हणतोच आणि मग त्यांच्याच डब्यातला बांगडा मागून खातो. पण शिकवताना कोणी "घाटावरच्या मंडळींना भात कळत नाही" असं म्हणून हशा मिळवू नये. मला भात कळत नव्हता, बरोबर. आता कळतो. वर्गातल्या कोकणातल्या मुलांना अजून पाभर आणि तिफण या पेरणीच्या अवजारांतला फरक सांगता येत नाही, त्यावर कधी हशा झाला नाही.

आणि एक नाजूक गोष्ट. रॅगिंगविरोधी नियम २००९ सालापासून आहेत, ते कडक आहेत आणि कडकच असावेत, त्यात मी तसूभर सैल मागत नाही. पण त्यासाठी प्रथम वर्षाच्या मजल्याला रात्री आठपासून कुलूप लावायचं आणि सिनियर मुलीनं खाली पाऊल टाकलं तर खुलासा मागायचा, यानं काय साधलं? परवा ती हिंगोलीची मुलगी माझ्याकडे आली ती नियम मोडून, मेसच्या मागच्या जिन्यानं. तिला विचारायचं होतं ते गादीचं. रेक्टर मॅडम, तुमच्याकडे ती का आली नाही, हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये. तुमच्याकडे दोन इमारती आहेत आणि तुम्ही एकट्या आहात.

आम्हाला काय हवंय ते आता सरळ लिहिते.

गणपतीत आणि दिवाळीत मुलामुलींचा एकेक मजला उघडा ठेवा. थांबणाऱ्यांची यादी आठ दिवस आधी घ्या, पालकांशी फोनवर बोलून घ्या, रोज संध्याकाळी हजेरी घ्या, गेट सातला बंद करा, सगळं मान्य. मेस चालू ठेवा असं आम्ही म्हणत नाही. मावशींचाही गणपती असतो, आमच्या भातासाठी त्यांनी तो सोडावा असं सुचवलं तरी मला लाज वाटेल. स्वयंपाकघराची किल्ली, एक सिलिंडर, शिधा आणि दोन पातेली द्या. आम्ही शेतकऱ्यांची मुलं आहोत, रांधता येतं. सिलिंडरचे पैसे वर्गणी काढून भरू. वॉचमन आणि मुलींकडच्या ताई यांच्या पाळ्या लावा. ज्यांचा गणपती दीड दिवसाचा असतो ते तिसऱ्या दिवसापासून येऊ शकतात, मी दोघांशी बोलले आहे, जादा पैसे मिळाले तर त्यांची ना नाही. तो जादा पैसा बंद काळातला खाडा न धरल्यामुळे मेसकडे जी रक्कम उरते तीतून द्या. उरलेलं मुलांच्या पुढच्या महिन्यात वळतं करा.

शेवटच्या फेरीनंतर दीक्षारंभ पुन्हा घ्या, दोन आठवडे नाही तर निदान चार दिवस. मान्यवर नसले तरी चालतील. एक दिवस आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना बोलवा, एक दिवस आम्हा तिसऱ्या वर्षाच्या मुलांना द्या. कपडे कसे वाळवायचे, कागद कुठं ठेवायचे, बाजार कोणत्या वारी, एसटी किती वाजता, हे आम्ही सांगू. प्रत्येक नव्या मुलामागे एक जुना विद्यार्थी नेमा, नावानिशी, कार्यालयात नोंद ठेवून, म्हणजे काही वावगं झालं तर जबाबदार कोण ते कळेल. कुलूप लावण्यापेक्षा हे जास्त सुरक्षित आहे असं मला वाटतं. चिखलात उतरवण्याआधी पाय तपासा.

आणि आठवड्यातून एकदा भाकरी. ज्वारीची. ही मागणी नाही, विनंती आहे. कोकणच्या तांदळाच्या भाकरीवर माझं प्रेम बसलंय, सोलकढी मी आता घरी जाऊन आईला करून घालते, तिला ती अजिबात आवडत नाही. पण पहिल्या महिन्यात रोज दोन्ही वेळा भात खाऊन पोट भरल्यासारखंच वाटत नाही, रात्री अकराला परत भूक लागते आणि त्या भुकेत घर फार आठवतं. मालदांडी ज्वारीचं पीठ आम्ही येताना आणू.

यातलं काहीही यंदा जमणार नसेल तर तेही लेखी कळवा, कारणासह. पुढच्या वर्षी प्रवेश घेणाऱ्या लांबच्या मुलांना पसंतीक्रम भरण्याआधी ते वाचायला मिळावं.

उत्तर येत्या शुक्रवारपर्यंत हवंय. त्यानंतर एसटीचं आरक्षण मिळत नाही, आणि घरी काय सांगायचं ते ठरवायला मुलांना दोन दिवस तरी लागतात. मावशींनी यंदाही बोलावलंय. पण यंदा आम्ही सहाजणी आहोत, त्यांचा दीर कुटुंबासह मुंबईहून येतोय, आणि पडवीत ताडपत्री लावली तरी तिघींपेक्षा जास्त मावत नाहीत. मी मोजून आले आहे.

आपली विनम्र,
तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी,
मुलींचे वसतिगृह, पहिला मजला
(नाव आणि सही कार्यालयातल्या गेल्या वर्षीच्या अर्जावर आहे. तो सापडत नसेल तर माझ्याकडे पोचपावती आहे, पत्र्याच्या डब्यात, तांदळात.)